वाडा: कुंपण, चौक आणि बिऱ्हाडं

दिवाळी उलटली की पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातले कितीतरी धनगर मेंढरं घेऊन कोकणाची वाट धरतात. घोड्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, घोंगड्या, कोकरं आणि पायी चालता न येणारी पोरं. अशी काही कुटुंबं मिळून चालतात आणि त्या सबंध मेळाला त्यांच्या बोलीत 'वाडा' म्हणतात. वाडा आज या शेतात बसतो, चार दिवसांनी पुढच्या. ज्याच्या रानात मेंढरं बसतात तो शेतकरी मिळालेल्या खतापोटी धान्य किंवा पैसे देतो. रात्री मेंढरांभोवती वाघर लावतात. वाघर म्हणजे जाळी, संस्कृतातली 'वागुरा'. पाया नाही, भिंत नाही, छप्पर नाही, तरी तो वाडाच.

पुण्याच्या सदाशिव पेठेत हाच शब्द उच्चारला की दगडी जोतं, लाकडी खांब, मधला चौक आणि चौकाभोवती राहणारी दहा-वीस बिऱ्हाडं उभी राहतात. पेठेतला वाडा जागचा हलत नाही. तरीही माझं म्हणणं असं आहे, की धनगरांचा वाडा आणि बिऱ्हाडकरूंनी भरलेला पेठेतला वाडा हे एकमेकांच्या फार जवळचे आहेत. सरदारांच्या तटबंद वाड्यांपेक्षाही जवळचे. हे पटवायला शब्दाच्या मुळापर्यंत जावं लागतं.

संस्कृतात 'वाट' किंवा 'वाटक' म्हणजे कुंपण आणि कुंपणाने घेरलेली जागा. दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला 'ट' प्राकृतात मऊ होऊन 'ड' होतो, हा आपल्या भाषेतला अगदी भरवशाचा नियम. घोटक झाला घोडा, कीटक झाला किडा, वट झाला वड, भाटक झालं भाडं, आणि वाटक झाला वाडा. भाडं आणि वाडा हे दोन शब्द अशा रीतीने एकाच वळणाने मराठीत आले आणि पुढे एकाच छपराखाली नांदले.

इथे कुणी विचारील, की मग चालण्याची 'वाट' मराठीत 'वाड' का झाली नाही? तिचं कूळ वेगळं. ती 'वर्त्मन्'पासून प्राकृत 'वट्ट'वरून आली. जोडाक्षरातला ट टिकून राहिला आणि त्याच्या आधीचा स्वर दीर्घ झाला. म्हणजे संस्कृतातली वाट अडवणारी, मराठीतली वाट नेणारी. अक्षरं तीच, पण नातं काही नाही. शब्दांच्या अभ्यासात कानाला सारखं वाटणाऱ्याला जवळचं मानू नये, हे शिकायला ही जोडी पुरेशी आहे.

वाड्याची भावंडं मात्र दूरवर पसरली आहेत. हिंदीतला बाडा गुरांचा. गुजरातीतली वाड म्हणजे कुंपण आणि वाडो म्हणजे परसू. बंगालीत 'बाडी' म्हणजे थेट घर. मराठीत वाडा आणि वाडी यांच्यात लहान-मोठेपणाचा भेद आहेच, पण कोकणातली नारळी-पोफळीची वाडी मूळ अर्थाच्या सगळ्यांत जवळ राहिली. संस्कृतातल्या 'वाटिके'चं ते सरळ मराठी रूप. रामायणातली अशोकवाटिका आणि गुहागरच्या माणसाची आगरातली वाडी एकाच शब्दाची दोन रूपं, एक सोवळ्यातलं आणि एक रोजच्या वापरातलं. मुंबईत गिरगावात खोताची वाडी, फणसवाडी, केळेवाडी ही नावं अजून आहेत. फणस आणि केळी त्या नावांतच उरल्या. कुंपणातली झाडं गेली, घरं आली आणि नाव कुंपणाचंच चालू राहिलं.

व्युत्पत्तिकार याच्याही मागे जातात आणि 'वृ' म्हणजे वेढणे, झाकणे या धातूला हात लावतात. याच धातूची 'वृति' मराठीत 'वई' झाली. शेताभोवती काट्यांची किंवा निवडुंगाची वई करतात ती. 'आवार' हाही त्याच घरचा. देवळाचं आवार, शाळेचं आवार. म्हणजे वई, आवार आणि वाडा तिन्ही एकाच वेढ्यातून निघाले. वाड्याच्या अर्थाचा गाभा इमारतीत नाही, वेढ्यात आहे. कोण आत, कोण बाहेर, एवढंच तो मुळात सांगतो.

वेढ्याची ही कल्पना गावरचनेत फार कठोरपणे उतरली. कुंभारवाडा, सुतारवाडा, तेलीवाडा अशी एकेका व्यवसायाची, जातीची वस्ती. आणि वेशीबाहेर महारवाडा, मांगवाडा. गावातल्या पाटलाच्या चौसोपी घराला आणि वेशीबाहेर लोटलेल्या वस्तीला एकच शब्द लागत होता. एका ठिकाणी कुंपण आतल्याला जपत होतं, दुसरीकडे बाहेर ठेवत होतं. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर यांसारखी नावं देण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय शब्दांशी खेळ म्हणून मोडीत काढणारे मला भेटले आहेत. मला तो योग्यच वाटतो. नाव रोज उच्चारलं जातं, पत्त्यात लिहिलं जातं, शाळेच्या दाखल्यावर मूल ते घेऊन फिरतं. शब्दाचा इतिहास कोशात जपावा, माणसाच्या पाठीवर नव्हे.

श्रीमंती वाड्याकडे वळू. पुण्यात शिवाजी महाराजांचं बालपण ज्या वास्तूत गेलं ती 'लाल महाल'. महाल हा अरबी शब्द, मूळ अर्थ उतरण्याची, मुक्कामाची जागा. पुढच्या शतकात त्याच पुण्यात बाजीरावांनी बांधलं त्याला मात्र वाडा म्हटलं गेलं. 10 जानेवारी 1730 ला शनिवारवाड्याची पायाभरणी झाली आणि 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत. खर्च 16,110 रुपये. सरदारांनी, सावकारांनी, कारभाऱ्यांनी आपापले वाडे उठवले. नाना फडणविसांचा नानावाडा, दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा. शनिवारवाड्याला 27 फेब्रुवारी 1828 ला आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत होती. आज उभा आहे तो तट, दरवाजे आणि जोती. म्हणजे अक्षरशः वेढा तेवढा उरला.

तिथल्या दिल्ली दरवाजासमोर उभं राहून पाहावं. हत्तीने धडक देऊ नये म्हणून अंगभर पोलादी खिळे ठोकलेली अवाढव्य दारं आणि त्याच दारात कापून बसवलेलं एक बुटकं दार. ते दिंडी दार. मोठा दरवाजा सणासुदीला, स्वारीला. रोजची ये-जा दिंडीतून. उंबरठा उंच आणि चौकट ठेंगणी, त्यामुळे पाय उचलावा लागतो आणि मान वाकवावी लागते, दोन्ही एकदमच. आत शिरणारा त्या क्षणी शस्त्र उगारू शकत नाही, ही त्यातली युक्ती. कानडी-तेलुगूत लहान दाराला, चोरदाराला 'दिड्डी' म्हणतात; आपली दिंडी तिच्याच जातीची दिसते. पेठेतल्या साध्या वाड्यांनीही ही दिंडी घेतली. तिथे शत्रू यायचा नव्हता, पण रात्री दहानंतर मोठं दार लोटून दिंडी तेवढी उघडी ठेवण्याची सोय सगळ्या बिऱ्हाडांना लागत होती.

आत गेल्यावर भाषांचा मेळाच भरलेला असतो. चौक आला 'चतुष्क'वरून. तुळई ही संस्कृत 'तुला', कारण तुला म्हणजे तराजूची दांडी आणि छपराचा आडवा वासाही. खांब 'स्कंभ'चा. गच्चीत मात्र फार्सी 'गच' आहे, म्हणजे चुना-गिलावा. चुन्याने पक्की केलेली सपाट जागा ती गच्ची. माडी दक्षिणेकडून आली, तमिळात आजही वरच्या मजल्याला माडीच म्हणतात. आणि 'पेठ'सुद्धा तिकडचीच. बंगळूरच्या चिकपेटेतली पेटे आणि आपली पेठ एकच, बाजाराची वस्ती. सदाशिव पेठेला नाव मिळालं ते पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं.

दोन शब्दांपाशी मला थोडं रेंगाळायचं आहे. पहिला 'माजघर'. मध्यगृहाचं प्राकृत मज्झघर, त्याचं माजघर. जुन्या मराठीत 'माज' म्हणजे कंबर, माजपट्टा म्हणजे कमरपट्टा. ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामधली ही खोली घराची कंबरच होती. बाळंतिणीची बाज तिथे, धान्याच्या कोठ्या तिथे, दुपारचं निवडण-टिपण तिथे. परक्या पुरुषाची मर्यादा ओसरीपर्यंत, फार तर दिवाणखान्यापर्यंत. दिवाणखाना हा फार्सी, दरबारी शब्द. माजघर बायकांचं आणि प्राकृत. घराच्या दर्शनी भागाला राज्यकर्त्यांची भाषा लागली आणि आतल्या भागात आजीची टिकली. हे मी केवळ पुण्याबद्दल म्हणत नाही, पण पुण्याच्या वाड्यात ते पावलापावलावर दिसतं.

दुसरा शब्द 'मजला'. मूळ अरबी 'मंझिल', उतरण्याची जागा, प्रवासातला टप्पा. मराठीत तिने दोन रूपं घेतली. प्रवासात ती 'मजल' राहिली, म्हणून फौजा मजल दरमजल करीत जातात. इमारतीत ती 'मजला' झाली. जिना चढून आपण ज्या ठिकाणी दम खातो, तो मजला. वाड्याचे जिने जे चढले आहेत त्यांना याची साक्ष पटेल. भिंतीच्या जाडीत बसवलेला, अंधारा, पायऱ्या वीतभर रुंद आणि हातभर उंच, धरायला वरून लोंबता दोर. तो जिना चढणं ही मजलच असायची.

आणि खण. वाड्यात जागा फुटांत मोजली जात नसे, खणांत मोजत. दोन तुळयांमधलं किंवा दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण चार-पाच फूट. 'आम्ही दोन खणांत आठ माणसं राहिलो,' हे वाक्य पेठेत वाढलेल्या कुणाही वयस्क माणसाच्या तोंडून ऐकायला मिळेल. कपाटाचा खण आणि चोळीचा खणही आपण म्हणतोच. सगळीकडे कल्पना एकच: मोठ्यातून पाडलेला एक वाटा. कुटुंबाच्या वाट्याला आलेल्या जागेला यापेक्षा नेमकं नाव सापडणार नाही.

पेशवाई गेली, सरंजाम आटले. एका घराण्यासाठी बांधलेल्या वाड्यात भाडेकरू आले. पुण्यात शाळा, कॉलेजं, कचेऱ्या, लष्कराचं हिशेबखातं. कोकणातून आणि देशावरून माणसं येत राहिली. विंचूरकरांच्या वाड्यात लोकमान्य टिळकही राहिले होते. नारायण पेठेतला गायकवाड वाडा त्यांनी 1905 मध्ये विकत घेतला, तो आजचा केसरीवाडा. मुंबईच्या चाळी पहिल्यापासून भाड्यासाठीच बांधल्या गेल्या, खोलीला खोली लावून. वाडे तसे बांधलेले नव्हते. देवडीत कुणी, तबेल्याच्या जागी कुणी, दिवाणखान्याला पार्टिशन घालून दोन घरं. एकाचं स्वयंपाकघर म्हणजे दुसऱ्याची जायची वाट. म्हणूनच वाड्याच्या भाडेपावत्यांत 'वहिवाट' हा शब्द जीव धरून बसला. कुणाच्या ओसरीतून कुणी जायचं, कुणाचं वाळवण कुणाच्या गच्चीत पडायचं, हे वहिवाटीने ठरायचं.

या माणसांना आपण भाडेकरू म्हणतो, पण त्याआधी ते 'बिऱ्हाडकरू' होते आणि मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. बिऱ्हाड म्हणजे उतरण्याचा मुक्काम. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. कोकणातला माणूस म्हणायचा, घर गावी आहे, पुण्यात बिऱ्हाड केलंय. घर केलं नाही, बिऱ्हाड केलं. बायको आली, चूल मांडली, की बिऱ्हाड झालं. बदली झाली की ते हलायचं. मग याच शब्दाला मोजमापाचा अर्थ चिकटला: वाड्यात अठरा बिऱ्हाडं, म्हणजे अठरा चुली, अठरा कुटुंबं. आणि शेवटचं '-करू' पाहावं. शेतकरी, मानकरी, टाळकरी, वारकरी यांत '-करी' आहे. हे लोक आपापल्या कामाशी कायमचे बांधलेले, वारकऱ्याची वारीसुद्धा दरवर्षीच्या नेमाची. यात्रेकरू, भाडेकरू, बिऱ्हाडकरू यांत '-करू' आहे. हे आलेले आणि जाणारे. याचा नियम करता येणार नाही, पण कान हा फरक ओळखतो.

मात्र आलेले गेले नाहीत. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधली. महागाई वाढत राहिली आणि भाडं जिथल्या तिथे. भाटकाचं भाडं झालं त्यात अर्थ बदलला नव्हता. इथे शब्द तसाच राहिला आणि आतला अर्थ झिजून गेला. महिन्याच्या भाड्यात एक फुटकं कौलही बदलता येईना. मालकाने डागडुजी सोडली, भाडेकरूने जागा सोडली नाही. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण मालकांच्या तोंडी होती. ओसरीतल्या माणसाची बाजूही तितकीच खरी. त्याने तिथे पन्नास वर्षं काढली होती, मुलांची लग्नं केली होती, म्हाताऱ्यांना तिथूनच खांदा दिला होता. 1999 च्या नव्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची सोय केली, पण ती वाढ मुळातच नाममात्र असलेल्या रकमेवर. बिऱ्हाड आणि घर यांतली रेघ कायद्याने पुसली होती, ती पुन्हा काढणं कुणालाच जमलं नाही.

एवढी बिऱ्हाडं एकत्र नांदली ती चौकामुळे. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणलं आणि वाड्यावाड्यांतून, चौकाचौकांतून हौद भरले. पुढे नगरपालिकेचे नळ आले तेव्हा चौकात नळकोंडाळं झालं. मधे एक दगडी खांब, त्याला दोन-चार तोट्या, खाली फरशीचं गोल आळं, भोवती बुटका कट्टा. पहाटे पाण्याची वेळ होण्याआधी तिथे कळश्या, बादल्या, हंडे रांगेने मांडलेले. माणूस नसला तरी त्याची बादली त्याचा नंबर राखायची आणि ती कुणी सरकवायची नाही. कुठली बादली कुणाची हे सगळ्या वाड्याला पाठ. कोंडाळं म्हणजे कडं, घेरा. माणसंही कोंडाळं करून बसतात. वई, आवार, वाडा, चौक, कोंडाळं: वेढ्यात वेढा. सरदाराच्या काळात या वेढ्यात एकच मालकी होती. बिऱ्हाडं आली तेव्हा तो पुन्हा अनेक कुटुंबांचा झाला, धनगरांचा मेळ असतो तसा. सुरूच्या आकाराचे नक्षीदार खांब आणि केळफुलं पाहायला लोक वाड्यात येतात. मला ती आवडतातच, पण वाडेपण त्यांच्यात नाही. दहा चुली एका वेढ्यात, एका पाण्यावर राहिल्या, त्यात आहे.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतले वाडे, विशेषतः मातीत बांधलेले, पाण्यात अक्षरशः विरघळले. खाली दगड, वर लाकडाचा सांगाडा आणि मातीच्या लगद्यातल्या विटा. पाणी ओसरलं तेव्हा कित्येक ठिकाणी सांगाडाच उभा होता. पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, सहकारनगरासारख्या भागात माणसं गेली. महाराष्ट्राचा 1960 चा सहकारी संस्थांचा कायदाही त्याच सुमाराचा. तिथून मराठीत दुसरा एक शब्द घर करून बसला: सोसायटी. मुळात माणसांच्या संगतीचं नाव, आपण ते इमारतीला दिलं. 'आमच्या सोसायटीला रंग काढायचाय.' वाडा हे वेढ्याचं नाव असून त्याचा अर्थ माणसं झाला, आणि सोसायटी हे माणसांचं नाव असून त्याचा अर्थ भिंती झाला. त्याच सुमारास 'ब्लॉक' आला, स्वतंत्र संडास-मोरीची जागा, त्यापाठोपाठ फ्लॅट. फ्लॅट हा जुन्या स्कॉटिश बोलीतून आलेला, तिथे 'फ्लेट' म्हणजे घराची जमीन, मजला. मजल्यालाच आपण दुसऱ्यांदा, दुसऱ्या भाषेतून घरात घेतलं.

पेठेतल्या जागेला आज सोन्याचा भाव आहे. वाडे उतरवले जातात, तिथे सहा-सात मजली इमारत उठते आणि पाटीवर पुन्हा 'अमुक वाडा' असं लिहिलं जातं. मला या नावाचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते चौक न ठेवल्याचं. पार्किंगच्या दोन जागा कमी करून मधे आकाश दिसेल एवढी उघडी फरशी ठेवणारे वास्तुरचनाकार आहेत, त्यांनी पाटीवर वाडा लिहावं. बाकीच्यांनी अपार्टमेंट लिहावं, तो शब्द प्रामाणिक आहे: अपार्ट, वेगवेगळं.

जुन्या वाड्याचं खरेदीखत कधी हाती आलं तर त्याची मांडणी बघावी. खोल्या किती, मजले किती, हे पुढे येतं. आधी येते ती चतुःसीमा: पूर्वेस कुणाचा वाडा, पश्चिमेस कुठला बोळ, दक्षिणेस आणि उत्तरेस काय. त्यानंतर 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह', आणि त्याबरोबर जाण्यायेण्याची वहिवाट. खत लिहिणाऱ्या कारकुनाने व्युत्पत्ती पाहिलेली नसते. तो परंपरेने पहिल्यांदा वई घालतो आणि मग आतल्या गोष्टी मोजतो. वाडा पाडायचा ठरल्यावर विकसनाचा जो करार होतो, त्यातही पहिल्या परिशिष्टात सिटी सर्व्हे नंबराखाली ती चतुःसीमा तशीच उतरवलेली असते, शेजारच्या वाड्यांच्या नावांसकट. त्यांतले काही वाडे पडून कैक वर्षं झालेली असतात.